जपानची हस्तकला-सहल : चौदा जणी, दहा दिवस. काय ठेवावं, काय गाळावं?

सुईदोरा

मंडळी, नमस्कार.

आमचा भरतकाम-विणकाम करणाऱ्या बायकांचा गट आहे. चौदा जणी, बहुतेक साठीच्या आसपास, आणि सगळ्यांत ज्येष्ठ मावशी पंच्याहत्तरीच्या. येत्या नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात जपानला जायचं ठरतंय. उंच मनोरे, मॉल, थीम पार्क यांत आम्हाला रस नाही. हातानं काम करणारी माणसं पाहायची आहेत, आणि त्यांनी बसू दिलं तर शेजारी बसून थोडं शिकायचंही आहे. याच एका गोष्टीसाठी सगळ्या जणी बरेच दिवस पैसे बाजूला टाकत आल्यात.

सहल कंपनीनं कच्चा आराखडा पाठवलाय : टोकियो, हाकोने, क्योटो, नारा, ओसाका. 'पारंपरिक कला अनुभव' या नावाखाली टोकियोत सुशी बनवणं, हाकोनेत लाकडी नक्षीची बशी, आणि क्योटोत एकाच दिवशी किमोनो घालून फिरणं, चहाविधी आणि किंत्सुगी (फुटलेलं भांडं जोडून सांध्यांवर सोनं लावणं). प्रत्येकाला पाऊण तास ते एक तास. कानाझावा शहराच्या नावापुढे 'वेळ मिळाल्यास' असं लिहिलंय. वाचून मन थोडं खट्टू झालं.

किंत्सुगी एका तासात खरंच होतं का? आमच्यातल्या पाच-सहा जणींना मांडी घालूनही बसता येत नाही, मग चहाविधीला गुडघ्यांवर कशा बसणार? सात जणी शाकाहारी आहेत, त्यांतल्या दोघी कांदा-लसूणही खात नाहीत. आणि मुख्य म्हणजे, सुई-दोऱ्यात रमणाऱ्या बायकांनी जपानात नेमकं कुठे जावं? तिथे राहिलेल्या किंवा जाऊन आलेल्यांनी मोकळेपणानं लिहा. आराखडा बदलायची माझी तयारी आहे.

पाऊलवाट

क्योटोत काही वर्षं शिकायला होतो, तेवढ्यापुरतं लिहितो. गिओन या तिथल्या जुन्या वस्तीत किमोनो घालून फिरायचं असेल तर आधी नियम समजून घ्या. तिथल्या खासगी गल्ल्यांत पर्यटकांना 2024 पासून बंदी आहे. 10,000 येन दंडाच्या पाट्या लावल्यात. माइको किंवा गेइको (शिकाऊ किंवा पूर्ण तयार झालेली गेइशा) दिसली की तिचा रस्ता अडवून फोटो काढू नका. ती कामावर निघालेली असते आणि तिला वेळेत पोहोचायचं असतं.

नोव्हेंबरात क्योटोला मेपलच्या पानांसाठी तुफान गर्दी होते. महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात ती थोडी कमी असते, म्हणजे तुमच्या तारखा बऱ्या आहेत. तरी चौदा जणींनी सार्वजनिक बसनं फिरायचा विचार सोडा. सकाळी सातला बाहेर पडा आणि अकरानंतर कुठल्यातरी घरात, कार्यशाळेत किंवा संग्रहालयात असा.

कागदीफूल

सुईदोरा, तुमचा धागा वाचून राहवलं नाही. मी कानाझावात राहते आणि इथल्या कारागिरांकडे येणाऱ्या पाहुण्यांसाठी दुभाष्याचं काम करते. त्यामुळे मी इथली बाजू घेतेय असं वाटू शकेल. पण जे लिहितेय ते रोज डोळ्यांसमोर घडताना पाहिलेलं आहे.

आधी स्पष्ट सांगते : कार्यक्रम निम्मे करा आणि प्रत्येकाला दुप्पट वेळ द्या. चौदा जणींना पाऊण तास दिला की बूट काढून आत बसेपर्यंत दहा मिनिटं जातात. पंधरा समजावून सांगण्यात आणि शेवटची दहा फोटोंत. हाताला वस्तू लागते न लागते तोच बाहेर बस उभी असते. इथले कारागीर अबोल असतात असं पुष्कळ जण म्हणतात. मला तसं कधी जाणवलं नाही. कुणी शेजारी शांत बसून नुसतं हातांकडे बघत राहिलं, की अर्ध्या तासात तेच हत्यार उचलून दाखवायला लागतात. बहुतेक गट त्या अर्ध्या तासाच्या आतच उठून जातात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

किंत्सुगी एका तासात होत नाही. फुटलेले तुकडे जोडायला गव्हाच्या पिठात उरुशी, म्हणजे उरुशीच्या झाडाचा चीक, कालवतात. मग खाचा भरायच्या, घासायचं, पुन्हा चिकाचा थर द्यायचा आणि शेवटी सोन्याची पूड. उरुशी उन्हावाऱ्यात सुकत नाही, तिला घट्ट व्हायला दमट हवा लागते. म्हणून भांडं ओलसर कपाटात ठेवतात, आणि असं थरामागून थर करत कित्येक आठवडे जातात. तासाभरात जे करून घेतात त्यात बहुधा कृत्रिम गोंद आणि पितळेची पूड असते. अशा भांड्यातून खाऊपिऊ नका. आणि कुणी खरी ओली उरुशी हाताळायला दिलीच, तर हातमोजे घालूनच. आपला बिब्बा जसा उततो तशीच ही उतते. दोन्ही झाडं एकाच कुळातली, आंबा आणि काजूच्या.

आता तुमच्या मुख्य प्रश्नाकडे येते. सुईवाल्या बायकांनी कानाझावाला यायलाच हवं. 'वेळ मिळाल्यास' नाही, निदान तीन रात्री. टोकियोहून होकुरिकु शिन्कान्सेन या अतिवेगवान रेल्वेनं अडीच-तीन तास लागतात.

ओमिचो बाजारापासून चालत जाण्याजोग्या अंतरावर मेबोसो हाचिरोबेइ नावाचं सुयांचं दुकान आहे, 1575 पासूनचं. सुईच्या नेढ्यात दोरा सहज ओवता यावा अशी त्यांनी घडण केली, आणि त्याबद्दल इथल्या सरदार घराण्यानं त्यांना 'मेबोसो' हे नाव दिलं. तुमच्या गटाला तिथून बाहेर काढणं अवघड जाईल, म्हणून त्या दुपारी दुसरं काही ठेवू नका.

दुसरी गोष्ट कागा युबिनुकी (कागा हे या भागाचं जुनं नाव). ही इथली अंगुस्तानं, धातूची नव्हे तर रेशमी धाग्यांची. किमोनो शिवणाऱ्या बायका उरलेले धागे साठवून स्वतःसाठी ही करत आल्या. कागद आणि कापडाची एक अरुंद पट्टी वळवून कडं करायचं आणि त्यावर तिरके टाके इतके जवळजवळ घालायचे की तळ दिसत नाही, नुसते रंगांचे त्रिकोण आणि लाटा उमटतात. हे शिकवणाऱ्या बायका इथे आहेत. पण दोन-अडीच तास हवेत, आणि सात-सात जणींचे दोन गट करा. एक गट शिवायला बसला की दुसऱ्यानं केन्रोकुएन बागेत जावं. 1 नोव्हेंबरपासून तिथे बर्फाच्या भारानं फांद्या मोडू नयेत म्हणून पाइन वृक्षांना दोरखंड बांधायला सुरुवात होते. बांबूच्या उंच खांबावर चढून माळी दोर खाली सोडतात आणि खालचे ते फांद्यांना बांधतात. तेही हातकामच, आणि फार देखणं.

कागा युझेन म्हणजे इथलं कापड रंगवणं. ते पाहायचं तर रंग भरण्याआधीचा टप्पा बघा. रेशमावर आधी एका निळ्या फुलाच्या रसानं चित्र काढतात, जो पाण्यात पूर्ण निघून जातो. त्या रेषेवर तांदळाच्या खळीची बारीक तार ओढतात, म्हणजे शेजारचे रंग एकमेकांत मिसळत नाहीत. नीट पाहिलंत तर काही पानांवर किडीनं खाल्लेली भोकं रंगवलेली दिसतील. कागाची ती ओळखीची खूण आहे. कारागीर झाडाचं पान जसं असतं तसं रंगवतो. भरतकाम करणारीला त्याचं मोल लगेच कळेल.

सोन्याचा वर्ख पुष्कळांना ठाऊक असतो. जपानातला 99 टक्के वर्ख इथेच होतो, जाडी मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढी. वस्तूवर वर्ख चिकटवण्याचा छोटा कार्यक्रम सगळीकडे असतो. तो नाही केला तरी चालेल. पण कारखान्यात वर्ख उचलताना जरूर बघा. बांबूच्या चिमट्यानं उचललेलं पान कारागीर हलकेच फुंकर मारून सपाट करते आणि मग बांबूच्या चौकटीनं कापते, 10.9 सेंटिमीटरचा चौरस. हे काम पिढ्यान्‌पिढ्या बहुतेक बायकांच्याच हातात राहिलं आहे.

आणि चौथा दिवस एचिझेनला द्या, कागदासाठी. फुकुइ जिल्ह्यातला हा भाग. 2024 च्या मार्चपासून शिन्कान्सेन तिथवर जाते, एचिझेन-ताकेफु स्थानकापर्यंत. कानाझावाहून जेमतेम अर्धा-पाऊण तास. पुढे मात्र लहान बस आधीच ठरवून ठेवा, स्थानकाबाहेर उभं राहून चौदा जणींची सोय होणार नाही.

तिथली समजूत अशी की दीड हजार वर्षांपूर्वी ओढ्याच्या वरच्या अंगाला एक बाई प्रकट झाली. इथे भात फारसं पिकणार नाही, पण पाणी निर्मळ आहे, म्हणून तिनं गावकऱ्यांना कागद करायला शिकवलं. तिला कावाकामी गोझेन म्हणतात. ओकामोतो-ओताकी देवळात ती आजही कागदाची देवी म्हणून पुजली जाते. देवळाची आजची इमारत 1843 ची आहे. सायप्रसच्या सालीचं छप्पर, आणि त्यावर एकावर एक छपरं अशी चढवलेली की चारी बाजूंनी हिंडून बघावं लागतं. मी कुठलाही गट आधी इथेच नेते. मग कार्यशाळेत शिरल्यावर बायका आपोआप आवाज खाली आणतात.

कागद बनतो कोझो नावाच्या झुडपाच्या आतल्या सालीपासून. वाफवायची, सोलायची, क्षारात शिजवायची. त्यानंतरचं काम बघताना माझे पाय हलत नाहीत. गार पाण्याच्या टाकीशी बसून बायका शिजलेल्या सालीतला एकेक काळा ठिपका बोटांनी वेचतात. घाई केली तर तो ठिपका कायमचा कागदात राहतो. मग साल कुटून हौदात सोडतात आणि त्यात तोरोरो-आओइच्या मुळांचा बुळबुळीत रस घालतात. हे झाड भेंडीच्या कुळातलं, म्हणजे हाताला काय लागेल ते तुम्हाला सांगायला नको. पुष्कळांना तो डिंक वाटतो, पण त्याचं काम चिकटवण्याचं नाही. त्यानं पाणी जाड होतं, तंतू तळाशी बसत नाहीत आणि साच्यातून पाणी सावकाश गळतं, तेवढ्या वेळात साचा हलवून तंतू सारखे पसरता येतात. ओले कागद मध्ये काहीही न घालता एकावर एक रचतात. दाबून पाणी काढल्यावर ते एकेक सुटे होतात, हे डोळ्यांनी पाहूनही खरं वाटत नाही. गरमीत तो रस पातळ होतो, म्हणून थंडीतला कागद उत्तम मानतात. तुम्ही नोव्हेंबरात येताय, ते छान आहे.

उदात्सु कोगेइकान या जुन्या घरात पारंपरिक हत्यारांनी सगळी कामं समोर करून दाखवतात. जवळच्या पापिरस-कानमध्ये स्वतः कागद करता येतो. आधी पहिलं, मग दुसरं. उलट केलंत तर आपण काय केलं हे हाताला कळत नाही.

चहाविधीचं सोपं आहे. 1872 च्या क्योटो प्रदर्शनासाठी उरासेन्के घराण्याच्या अकराव्या प्रमुखांनी टेबल-खुर्चीवर बसून चहा करण्याची रीत बसवली. तिला र्‍युरेइ म्हणतात. आरक्षण करताना हा शब्द सांगा, मावशीही आरामात बसतील. ती कमी प्रतीची सोय नाही, दीडशे वर्षांची रुळलेली रीत आहे. जाण्यापूर्वी अंगठ्या, घड्याळं आणि हातातल्या बांगड्या काढून पिशवीत ठेवा, वाडग्याला ओरखडा येतो. लांब मंगळसूत्र आत सरकवा. अत्तर लावू नका. स्वच्छ मोजे जवळ ठेवा. गोड आधी येतं, ते चहापूर्वी संपवायचं.

घनगर्द

कागदीफूल, माहिती उत्तम आहे, पण दोन बाबतींत पटलं नाही. किमोनो आणि छोटे अनुभव तुम्ही फार हलके लेखताय. माझ्या आईनं क्योटोत अर्धा दिवस किमोनो घातला होता. नेसवणाऱ्या बाईंनी एकेक दोरी बांधताना ती कशासाठी ते दाखवलं. आई आजही त्याबद्दल उत्साहानं बोलते. आणि सगळ्यांनाच तासन्‌तास बसून बघणं झेपत नाही. चौदा जणींत दोघी-तिघी अशा असणारच. त्यांना हातात काहीतरी घेऊन परतायचं असतं.

कागदीफूल

घनगर्द, किमोनोबद्दलचं तुमचं म्हणणं मान्य. तुमच्या आईंना शिकवणारी बाई मिळाली, म्हणून तो अनुभव झाला. सुईदोरा, किमोनो ठेवायचाच तर असं ठिकाण शोधा जिथे नेसवताना समजावून सांगतात. आणि ज्या दिवशी तो घालाल त्या दिवशी दुसरा कार्यक्रम नको, फार चालणंही नको. ओबी (कमरेचा रुंद पट्टा) आवळलेली असते आणि पावलं लहान पडतात.

छोट्या अनुभवांबद्दल मात्र माझं मत तेच आहे. हातात काहीतरी घेऊन परतायचं असेल तर कारागिरानं केलेली एक वस्तू विकत घ्या. जपानात पारंपरिक हस्तोद्योगांसाठी 1974 चा कायदा आहे. ज्या वस्तू त्यात बसतात त्यांवर लाल गोळा असलेली खुणेची चिठ्ठी लावता येते. आजवर 240 हून जास्त कलांना ही मान्यता आहे. वस्तू रोजच्या वापराची हवी, मुख्य काम हातानं झालेलं हवं, तंत्र आणि कच्चा माल पूर्वापार हवा, अशा अटी असतात. दुकानात ती चिठ्ठी शोधा.

आणि जमलं तर वाजिमाचं उरुशीचं काम घ्या, एक छोटी वाटी का होईना. 1 जानेवारी 2024 च्या भूकंपात वाजिमा शहर उद्ध्वस्त झालं आणि सकाळच्या बाजाराचा भाग जळून गेला. कित्येक कारागिरांची घरं, हत्यारं, अर्धवट झालेलं काम, सगळं गेलं. त्याच सप्टेंबरात पुराचा तडाखा बसला. एका वाटीला शंभराहून जास्त टप्पे लागतात आणि एकेका टप्प्याचा कारागीर वेगळा, म्हणजे एक घर थांबलं तर पुढची सगळी थांबतात. कानाझावाच्या दुकानांत त्यांचा माल मिळतो. महाग वाटेल, पण घासाघीस करू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे.

मीठभाकर

जेवणाचं मी सांगते, घरात सगळे शाकाहारी असून आम्ही फिरून आलोय. नुसतं 'मांस नको' म्हणून भागत नाही. अडचण दाशीची. सुकवलेल्या बोनिटो माशाचं हे पाणी मिसो सूपमध्ये असतं, सोबा नूडल्सच्या रस्शात असतं, कधी उकडलेल्या भाजीतही असतं. मांस, मासे आणि माशाचं दाशी, तिन्ही नको असं जपानी लिपीत छापून प्रत्येकीच्या पर्समध्ये ठेवा. राहायच्या जागी निदान दोन आठवडे आधी कळवा. ऐनवेळी सांगितलं तर ते बिचारे ओशाळतात आणि पुढ्यात भात नि लोणचं येतं. लोणच्यातही कधीकधी मासा असतो.

कांदा-लसूण न खाणाऱ्या दोघींसाठी शोजिन र्‍योरी, म्हणजे बौद्ध मठांतलं जेवण. त्यात मांस-मासे नसतात, आणि परंपरेनं कांदा-लसणासारख्या उग्र गोष्टीही वर्ज्य. फुकुइजवळचं एइहेइजी 1244 मध्ये स्थापन झालेलं झेन मठाचं ठिकाण आहे. तुम्ही कागदासाठी फुकुइकडे जाणारच असाल तर त्या परिसरात दुपारचं जेवण ठरवा. तिळाचं तोफू, गोमादोफू म्हणतात त्याला, नक्की खा. मऊसूत आणि तोंडात रेंगाळणारं.

सुईदोरा

सगळ्यांचे मनापासून आभार. काल आमची बैठक झाली. हाकोने, नारा आणि ओसाका काढले. आता टोकियो दोन रात्री, कानाझावा तीन, एचिझेन-फुकुइ एक, क्योटो तीन. किंत्सुगीही काढलं. मावशींना खुर्चीवरच्या चहाचं सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मग मी पहिल्या रांगेत बसणार." कंपनीनं आधी कुरकुर केली, पण लहान बसचं मान्य झालं.

दोन शंका उरल्या. क्योटोनंतर एक दिवस शिल्लक आहे आणि परतीचं विमान नागोयाहून मिळतंय. तिथे आमच्या कामाचं काही आहे का? आणि सुया, कात्र्या परत कशा आणायच्या?

कागदीफूल

नागोयाहून परतताय हे फारच छान! मग अरिमात्सु. मेइतेत्सु रेल्वेनं नागोयाहून वीसेक मिनिटं. 1608 मध्ये तोकाइदो या जुन्या हमरस्त्यावर वसवलेलं गाव. शेतीला जमीन पुरेशी नव्हती, म्हणून लोकांनी कापड बांधून रंगवायला सुरुवात केली आणि येणाऱ्या-जाणाऱ्या वाटसरूंना विकलं. याला शिबोरी म्हणतात. बांधण्याचे शंभराच्या आसपास प्रकार आहेत, आणि पूर्वापार एक कारागीर एकच प्रकार आयुष्यभर करत आला. रस्त्यावरची जुनी व्यापारी घरं 1784 च्या मोठ्या आगीनंतर बांधलेली, म्हणून भिंती जाड गिलाव्याच्या आणि वर कौलं. शिबोरी काइकान या तिथल्या संग्रहालयात वयस्क बायका समोर बसून गाठी मारतात. त्यांच्या बोटांचा वेग बघा आणि दोरा किती ताणून धरतात तेही बघा. रुमाल बांधायचा वर्ग असतो. रंगवून झालेला रुमाल तेव्हाच मिळतो की मागाहून येतो, ते आरक्षणाच्या वेळी विचारून घ्या, कारण तुम्ही दुसऱ्या दिवशी उडणार.

सुया आणि कात्र्या मोठ्या बॅगेत, हातातल्या सामानात नको. चाकू घेतलात तर दुकानदार पक्का बांधून देईल. ते बांधलेलं विमानतळापर्यंत सोडू नका. सहा सेंटिमीटरहून मोठं पातं कारणाशिवाय जवळ बाळगणं जपानात गुन्हा आहे. टोकियोहून निघताना मोठ्या बॅगा हॉटेलातूनच कानाझावाला कुरिअरनं पाठवा, बहुधा दुसऱ्या दिवशी पोहोचतात. एका रात्रीपुरतं सामान हातात ठेवा.

कार्यशाळांसाठी थोडे रोख येन जवळ असू द्या, लहान ठिकाणी कार्ड चालत नाही. युबिनुकीच्या वर्गाची तारीख ठरली की मला व्यक्तिगत निरोप टाका. शिकवणाऱ्या बाईंना भरतकामाचे तुमचे नमुने आधी दाखवायला आवडेल, त्यांचे दोन-चार फोटोही पाठवा.